बारावीनंतरच्या ‘गायडन्स’ला पंधरा हजार द्यावेत का? (आटपाडी, जि. सांगली)

माणगंगा विचारते:

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आटपाडी तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. मालक गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) कामाला कोइमतूरला असतात, दिवाळीला आणि गावच्या यात्रेला तेवढे येतात. थोरली यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीला पीसीएममध्ये ८४ पर्सेंटाइल आहेत. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. आमच्या माहेरी आणि सासरी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला इथपासूनच अडतंय. जातीचा दाखला ओबीसीचा आहे.

सांगलीत विश्रामबागेत एक गायडन्सवाले आहेत. बहिणीच्या शेजारणीनं सांगितलं म्हणून पोरीला घेऊन गेले. एसी ऑफिस, भिंतभर पोरांचे फोटो. कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरणं, सगळे राउंड बघणं, ‘ॲडमिशन होईपर्यंत जबाबदारी आमची’, याचे पंधरा हजार सांगितले. मी गप्प बसलेली बघून म्हणाले, कॅप राउंडच्या (सरकारी प्रवेशफेऱ्यांच्या) नादाला लागूच नका, पुण्याजवळ एका खासगी विद्यापीठात आत्ताच सीट धरून देतो, मग हे पंधरा हजारही नकोत. ते फुकट का करून देतायत हे मला कळलं नाही. पोरगी मात्र तिथनं निघाल्यापासनं पुण्याचंच बोलतेय.

पंधरा हजार माझ्या एका महिन्याच्या मोबदल्यातसुद्धा हातात पडत नाहीत. द्यायचे म्हटलं तर देईन, कुठनंतरी करीन. पण त्याचा उपयोग होतो का?

आणि खरी धास्ती वेगळीच आहे. आमच्या वाडीतली चार पोरं मागं इंजिनिअरिंगला, नर्सिंगला गेली. त्यातली दोन दिवाळीला आली ती परत गेलीच नाहीत. हुशार होती हो. एकीचा तर शाळेत पहिला नंबर होता. फी माफ आहे म्हणतात, मग ही पोरं परत का येतात? विचारलं तर आईबाप म्हणतात, ‘जमलं नाही.’ ॲडमिशन करून देणारे पैसे घेऊन का होईना भेटतात. ते झाल्यावर काय?

---

एमवन_सुटला:

काकू, एक रुपया देऊ नका.

मी कवठे महांकाळकडचा. वडील द्राक्षबागेत मजुरी करतात. आता मिरजेजवळच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. कागदपत्र तपासणीसाठी सुविधा केंद्रं असतात, बऱ्याचदा एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातच. तिथं मदतीचे पैसे लागत नाहीत. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर पडलेले असतात. ते डाउनलोड करा, ८४ च्या आसपास आपल्या प्रवर्गात मुलींना कुठं काय मिळालं ते पेनानं खुणा करा. गायडन्सवाला हेच करतो, फक्त एसीत.

फॉर्ममध्ये कॉलेजं खऱ्या आवडीच्या क्रमानं टाका. ‘हे मिळणारच नाही’ म्हणून वरचं सोडू नका आणि ‘हे नक्की मिळेल’ म्हणून नको असलेलं पहिलं टाकू नका. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती आपोआप पक्की होते, मग पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. आमच्या वर्गातला एक जण असाच सिव्हिलला बसलाय.

माझं स्वतःचं शिक्षण टीएफडब्ल्यूएसच्या जागेवर चाललंय. शिकवणी फी माफ असलेल्या या जादा जागा असतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की कुठल्याही जातीला चालतात, पण त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला. तो टाकला नाही तर मिळत नाही. मला हे गावातल्या मोबाईलवाल्यानं सांगितलं. सरांनी नाही!

पहिल्या सेमला एम-वन (गणिताचा पहिला पेपर) आणि फिजिक्स दोन्ही राहिलं होतं. मीही बॅग भरली होती. ते नंतर कधीतरी लिहितो, आता सबमिशन आहे.

---

खिडकी_नंबर_चार:

माणगंगाताई, मी साताऱ्याचा. एका कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्ती विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. कॉलेजचं नाव नको. नावात घेतलंय तीच माझी खिडकी.

आधी ते पुण्याचं. फुकट का, असं तुम्हाला वाटलं ते बरोबर वाटलं. अशा ठिकाणी सीटमागं मध्यस्थाला तिकडून मिळतं, म्हणून इकडं घ्यायची गरज पडत नाही. तुमचा तोटा पंधरा हजारांपेक्षा कितीतरी मोठा आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी निम्मं होतं. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, मॅनेजमेंट कोटा यांना हे लागू नाही. तिथं चार वर्षांची फी तुमच्या अंगावर येईल, आणि ती कर्ज काढून भरायची वेळ येऊ शकते. लेकीला हे रागावून सांगू नका. पाटीवरची फी गुणिले चार, असं तिलाच कागदावर मांडू द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पोरं का परततात.

आमच्या खिडकीला वर्षाचं एक वळण असायचं. जुलै-ऑगस्टला रांग दारापर्यंत, सगळ्यांच्या हातात फायली, बरोबर बाप नाहीतर मामा. सप्टेंबरला शुकशुकाट. आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास एकेकटं पोरगं यायचं, खाली मान घालून, ‘सर, कॉलेज सोडल्याचा दाखला पाहिजे.’ कारण विचारलं की ‘घरगुती.’ अर्जावर सगळ्यांचं कारण घरगुतीच असतं.

मी दाखला त्या दिवशी सहसा द्यायचो नाही. ‘साहेबांची सही राहिलीय, सोमवारी ये’ म्हणायचो. साहेब आत बसलेले असायचे. नियमात हे बसत नाही, पण त्या वेळात पोराला चहाला न्यायचो आणि मग खरं बाहेर पडायचं. बहुतेक वेळा ते ऐकून वाटायचं, एवढ्यासाठी?

खटावकडचा एक मुलगा होता. महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) शिष्यवृत्ती जमा झाल्याचं दिसत होतं, खात्यावर पैसे नव्हते. मेसवाल्यानं ताट बंद केलेलं. पोराची समजूत अशी की कॉलेजनं पैसे खाल्ले. बापाची समजूत अशी की पोरानं उडवले. घरात भांडण होऊन पोरगं दाखला न्यायला आलं. पैसे पडले होते तिसरीकडंच. मोबाईलच्या दुकानात सिम घेताना अंगठा लावून कुणीतरी त्याचं एक खातं उघडलं होतं, आणि आधार शेवटचं त्याच खात्याला जोडलं गेलं होतं. शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यावर येत नाही, आधारला जोडलेल्या खात्यावर येते. बँकेत जाऊन जोडणी बदलून आणायला एक सकाळ गेली. पोरगं राहिलं. आज ते काय करतं ते सांगत नाही, कारण प्रत्येक गोष्टीचा शेवट मोठ्या नोकरीत झाला तरच ती खरी, असं काही नाही.

दुसरं मोठं कारण म्हणजे परत आलेला अर्ज. पोरगं ऑगस्टमध्ये अर्ज भरतं आणि समजतं, झालं. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग खात्याच्या. उत्पन्नाचा दाखला धूसर दिसला, शिक्षणातल्या खंडाचं (गॅपचं) प्रतिज्ञापत्र नाही, अशा कुठल्याही कारणानं तो मागं पाठवला जातो, आणि मागं आल्याचं बऱ्याचदा पोर्टल उघडल्याशिवाय कळत नाही. मुदत निघून जाते. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, ते आपोआप होत नाही. पहिल्या वर्षी मिळालेली आणि दुसऱ्या वर्षी फक्त अर्ज न भरल्यामुळं गेलेली शिष्यवृत्ती, याच्यासारखं वाईट वाटणारं मी त्या खिडकीत फार थोडं बघितलं.

फी माफ म्हणजे काय तेही नीट कळून घ्या. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. विकास शुल्क, मेस, खोली, एसटी पास, ड्रॉइंगचं सामान, लॅपटॉप हे राहतंच. प्रवेश पक्का करायच्या आधी कॉलेजच्या कार्यालयात जा आणि ‘माझ्या मुलीला पहिल्या वर्षी प्रत्यक्ष किती आणि कधी भरावं लागेल’ हे कागदावर लिहून मागा. तोंडी नको. पात्र विद्यार्थ्याकडून माफ असलेली फी प्रवेशावेळी घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. तरी कुणी ‘आधी भरा, मग परत मिळेल’ म्हणालं तर तेही लेखी द्या म्हणा. लेखी म्हटलं की निम्मी माणसं गप्प होतात.

राहायचा खर्च: सरकारी वसतिगृहाला अर्ज कराच. तिथं नंबर लागला नाही तर ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, खोली-जेवणाचे पैसे खात्यावर मिळतात. जिल्ह्याला ठरावीक संख्या असते आणि निवड गुणांवर होते, म्हणून मिळेलच असं धरून चालू नका. सांगलीत इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्हा कार्यालयात विचारा. दुसऱ्या कुणी हे वाचत असेल त्यांच्यासाठी: अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना, आणि खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारकांच्या, नोंदणीकृत कामगारांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. नावं लांबलचक आहेत, पण ती नीट माहीत असली की खिडकीवरचा माणूस जरा सरळ बसतो.

एक अवांतर. साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) १९२४ साली शाहू बोर्डिंग काढलं, आणि १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं तेव्हापासून तिथं ‘कमवा आणि शिका’ आहे. त्यात पोराला नुसता प्रवेश नव्हता. जेवण होतं, काम होतं, आणि आज हा पंगतीला का आला नाही हे बघणारं माणूस होतं. हल्ली सल्लागार पुष्कळ झालेत, पंगत मोजणारं कुणी राहिलं नाही.

सगळ्यांना थांबवता आलं असंही नाही. पाटणकडची एक मुलगी दाखला मागायला आली, तिचे वडील मुंबईला माथाडी, पाठीचं दुखणं होऊन घरी बसलेले. धाकटी दोन भावंडं. तिच्यापुढं कुठला अर्ज ठेवणार? तिचा दाखला मी त्याच दिवशी दिला, आणि मुक्त विद्यापीठाचा पत्ता दिला. तेवढंच हातात होतं.

---

तासिकेवरचा_मास्तर:

वरच्या काकांचं पटलं, पण एक कुरबूर आहे. चहाला नेणारा क्लार्क भेटला तर पोरगं टिकणार आणि तो निवृत्त झाला की सुटणार, याला व्यवस्था म्हणायचं का? मी तासिका तत्त्वावर शिकवतो, दोन कॉलेजांत. दोन्हीकडं मेंटॉर-मेंटी योजना आहे, म्हणजे एकेका शिक्षकानं ठरावीक पोरांकडं लक्ष द्यायचं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधी वह्या भरल्या जातात. ‘विद्यार्थ्याशी चर्चा केली, अभ्यासाबाबत मार्गदर्शन केले.’ वीस पोरांच्या नावापुढं एकाच पेनानं, एकाच बैठकीत. समोर पोरगं नसतंच.

ताईंनी विचारलं की उपयोग होतो का, तर याच्यावर अमेरिकेत नीट मोजमाप झालंय. तिथं सरकारी आर्थिक मदतीसाठी एफएएफएसए नावाचा फॉर्म असतो, आपल्या महाडीबीटीसारखाच डोकं खाणारा. काही अर्थशास्त्रज्ञांनी ओहायो राज्यात आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात एक प्रयोग केला, निष्कर्ष २०१२ साली छापून आले. कमी उत्पन्नाची कुटुंबं आयकराचे कागद भरायला एका कंपनीच्या ऑफिसात यायची. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. एका गटाचा फॉर्म तिथल्या तिथं, शेजारी बसून भरून दिला. आयकराची माहिती समोर होतीच, दहाएक मिनिटांचं काम. दुसऱ्या गटाला ‘तुम्हाला इतकी मदत मिळू शकते’ एवढं कागदावर सांगितलं आणि फॉर्म तुम्हीच भरा म्हटलं. बारावीतल्या पोरांपैकी ज्यांच्या घरचा फॉर्म भरून दिला होता, त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पुरी करणारे २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. आणि नुसती माहिती दिलेल्या गटात? काही फरक नाही.

म्हणून आपल्याकडं मे महिन्यात हॉल भाड्यानं घेऊन जे ‘करिअर मार्गदर्शन मेळावे’ होतात, त्यांचं मला काही वाटेनासं झालंय. सतरंजीवर तीनशे पोरं, स्टेजवर पाहुणे, हार, शाल, मग प्रोजेक्टरवर योजनांची यादी. पोरांनी फोटो काढायचे. त्या फोटोंचा फॉर्म होत नाही.

टिकण्याचंही मोजलंय. तिथल्याच काही कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना ठरावीक माणूस नियमित फोन करायचा: अभ्यास कसा चाललाय, पैशाचं काय, नोकरी आणि तास कसे जुळवतोस. सहा महिन्यांनी अशा मुलांतली ६३ टक्के कॉलेजात होती, फोन न गेलेल्यांतली ५८. पाच टक्के कमी वाटतील, पण शंभरात पाच पोरं म्हणजे प्रत्येक वर्गातली दोन-तीन. आणि तो फोनवरचा माणूस फार विद्वान नव्हता, तो फक्त पुन्हा फोन करायचा.

तुमच्याकडं करता येण्यासारखं: कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या आधी विचारा की पहिल्या वर्षाच्या मुलांचं कोण बघतं, त्याचं नाव काय, तो पर्मनंट आहे का. (माझ्यासारखा असला तर मार्चनंतर तो असेलच असं नाही.) ‘समान संधी केंद्र’ अशी पाटी असेल तर आत खुर्चीवर माणूस आहे का तेवढं डोकावून बघा.

---

एमवन_सुटला:

सबमिशन झालं. ते बॅग भरल्याचं.

आमच्याकडं गणित मराठीतनं झालेलं, अकरावी-बारावी नावाला इंग्रजीतनं. एम-वनचे सर फळ्यावर लिहीत जायचे आणि मला ‘सपोज’ नि ‘हेन्स’ सोडून काही कळायचं नाही. वर्गातल्या बाकीच्यांना कळतंय असं वाटायचं. त्यांनाही कळत नव्हतं, पण ते मला दुसऱ्या सेमला समजलं. निकाल लागला तेव्हा एटीकेटी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मला वाटलं नापास म्हणजे नापास, वर्ष गेलं. घरी सांगायची हिंमत नव्हती. रूमवर एक सीनियर होता, जतचा, घरी कानडी बोलणारा. तो म्हणाला, ‘येड्या, माझे तीन राहिले होते. विषय राहतो, वर्ष नाही जात.’ मग रोज रात्री मेसवरून आल्यावर एक गणित सोडवून घ्यायचा. एकच. समजावून नाही सांगायचा, मलाच बोलायला लावायचा.

काकू, तुमच्या वाडीतली दोन परत आली त्यांना कुणी एटीकेटी म्हणजे काय हे सांगितलं होतं का बघा. खरंच विचारा. काहींना अजून परत बसता येत असेल.

---

माणगंगा:

सगळ्यांचे आभार. पुण्याचं लेकीनं स्वतःच कागदावर मांडलं. चार वर्षांची फी बघितल्यावर विषय तिनंच बंद केला. गायडन्सवाल्यांचा आज फोन आला होता, नको म्हटलं. म्हणाले, ‘नंतर पस्तावाल.’

दाखला मागायला गेलेल्या पोरांचं वाचून मात्र मी आमच्या शेजारच्या घरात जाऊन आले. ती पहिल्या नंबरची पोरगी. नर्सिंगचे पहिल्या वर्षीचे दोन विषय राहिलेत एवढंच तिनं सांगितलं. मार्कशीट तिच्या आईनं ट्रंकेत ठेवलीय, उद्या काढून दाखवणार आहे.

आता माझी अडचण. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठी म्हणतात, मालक बाहेरच्या राज्यात कमावतात तर तिकडचं काय ते आणा. आणि दुसरं, पोरीच्या आधारला मालकांचा मोबाईल जोडलाय. ओटीपी कोइमतूरला जातो. ते भट्टीवर असले की फोन पेटीत. रात्री अकराला बघतात, तोवर ओटीपी मेलेला.

---

खिडकी_नंबर_चार:

ओटीपीचं आधी, कारण पुढची चार वर्षं तोच छळणार आहे. लेकीसाठी वेगळं सिम घ्या आणि आधार केंद्रात जाऊन तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. तिला बरोबर न्यावं लागेल, अंगठा लागतो. हे राउंड सुरू व्हायच्या आत करा. तिथनं थेट बँकेत जा आणि तिच्या खात्याला आधार जोडलंय का, आणि सरकारी पैसे यायला तेच खातं लागलंय का, असे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. पहिल्याला ‘हो’ म्हणून दुसरा विसरतात.

उत्पन्नाला मालकांकडून गलाईच्या दुकानाच्या मालकाचं पगाराचं पत्र व्हॉट्सॲपवर मागवा आणि मूळ प्रत कुरिअरनं. त्याला स्वयंघोषणापत्र आणि तुमच्या मोबदल्याचा कागद जोडा आणि अर्ज सेतूतून करा, पावती घ्या. तलाठ्यांशी तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका. नॉन-क्रीमीलेअर दाखल्यावर मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत छापलीय का बघा. जुना असेल तर दोन्ही अर्ज एकाच फेरीत करा. जात पडताळणी झालीय का हे तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. झाली नसेल तर उद्या सकाळी पहिलं काम तेच. ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन ऑनलाइन अर्ज, मग सांगलीच्या समितीकडं कागद. ते प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर राखीव जागा हातची जाते.

आणि त्या शेजारच्या मुलीची मार्कशीट बघितल्यावर सालासकट इथं लिहा. नाव झाका.

---

तासिकेवरचा_मास्तर:

नर्सिंगच्या परीक्षेचे नियम इंजिनिअरिंगपेक्षा वेगळे असतात, एटीकेटीचं गणित तिथं तसंच्या तसं लावू नका. मिरजेत माझ्या ओळखीचे एक जण नर्सिंगला शिकवतात, मार्कशीट आली की त्यांना विचारतो. ताई, जीएनएम (डिप्लोमा) आहे की बीएस्सी (डिग्री), तेवढं आधी कळवा.